पाण्यात हात घालायचा नाही

"मावशी, फरशी कशानं पुसता तुम्ही?"

"पाण्यानं."

"नुसत्या पाण्यानं?"

कामवाल्या मावशींनी फडकं बादलीवर पिळलं आणि त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ताईंनी दिलंय ते निळ्या बाटलीतलं टाकते झाकणभर. का, वास येतो का?"

"वासाचं नाही. टाकीची काच पुसता का त्याच फडक्यानं?"

"तुमच्या टाकीला मी हात लावत नाही, दादा. तिच्या बाजूनं जाताना श्वाससुद्धा धरून ठेवते."

"झाली का उलटतपासणी?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "की जामीन भरायला मी येऊ?"

सर्व्हेअरनं निळी बाटली उचलली, मागचं बारीक अक्षर वाचलं, टोपण उघडून वास घेतला आणि बाटली जागेवर ठेवली. मावशी सुटल्या. पण पूर्ण सुटल्या असं नव्हे, तूर्तास सुटल्या.

विमा कंपनीच्या कामात त्याचा जन्म गेला होता. कुठे गोदाम जळलं, ट्रक उलटला, कापडाच्या गाठी भिजल्या की कंपनी त्याला पाठवी. तो जाई, राखेत काठी फिरवी, मालकाच्या खांद्यावर हात ठेवून दुःख व्यक्त करी आणि त्याच हातानं खांदा किती थरथरतोय तेही बघून घेई. ऑफिसात त्याचं नाव 'नाक' होतं. जळक्या लाकडाला रॉकेलचा वास येतो का, हे तो दारातून सांगायचा. वाईट माणूस नव्हता. फक्त माणसानं 'नमस्कार' म्हटलं की हा नमस्कार का केला असावा, इथपासून त्याचा विचार सुरू होई.

अशा माणसाला विरंगुळा कशाचा असणार? तर त्याच्या दिवाणखान्यात समुद्राची एक टाकी होती. खरा समुद्र नव्हे. गाळलेल्या पाण्यात मोजून मीठ विरघळवून घरी केलेला. त्यात चार मासे, थोडे दगड, आणि मधोमध वाळूवर तळहाताएवढं एक लाल प्रवाळ, कडेला हिरवी किनार असलेलं. चांगलं असलं की ते भिजवलेल्या स्पंजासारखं टच्च फुगायचं. बायको त्याला 'धाकटे साहेब' म्हणे. दिवसभर लोकांचे खुलासे ऐकून आलेला सर्व्हेअर संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसे. इथे कुणी काही सांगत नाही, कुणी काही मागत नाही, म्हणून त्याला बरं वाटे.

आणि आता धाकटे साहेब आजारी होते. फुगणं बंद झालं होतं. कातडी आतल्या दगडी सांगाड्याला चिकटली होती आणि सांगाड्याच्या कडा वर दिसू लागल्या होत्या, खंगलेल्या माणसाच्या गळ्याची हाडं दिसावीत तशा.

सर्व्हेअरनं चौकशी नेहमीच्या शिस्तीनं सुरू केली. आधी पाणी. खारटपणा तपासला, चुना तपासला, तापमान तपासलं. पाणी निर्दोष सुटलं. मग दिवे आणि पंप. तेही सुटले. मग मावशी. मग बायकोचा खोलीत मारायचा सुगंधी फवारा, जो त्यानं 'फक्त माहितीसाठी' म्हणत कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. मग मत्स्यालयाच्या दुकानदाराकडे जाऊन त्यानं मिठाची पिशवी काउंटरवर ठेवली.

"हे मीठ जुनं आहे का?"

"मीठ कधी जुनं होतं का साहेब?" दुकानदार म्हणाला. "तुम्ही एक काम करा. जरा कमी बघा त्याच्याकडे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ते बिचारं जीव आहे. तुम्ही असं बघत राहिलात तर मीसुद्धा सुकेन."

सर्व्हेअरनं दुसऱ्या छापाचं मीठ घेतलं आणि दुकानदाराला संशयितांतून काढलं नाही.

मग त्यानं आपला ठेवणीतला प्रश्न काढला. आग लागलेल्या प्रत्येक ठिकाणी तो हा प्रश्न विचारी: अलीकडे इथे नवीन कोण आलं?

नवीन आले होते सासरे.

सासूबाई गेल्यापासून ते आपल्या दोन खोल्यांत एकटेच होते. जिने चढून वर, आणि गुडघे असे की वर गेलं की खाली यावंसं वाटत नाही आणि खाली आलं की वर जाववत नाही. बायकोनं त्यांना 'थोडे दिवस' म्हणून आणलं होतं. थोडे दिवस म्हणजे कायमचे, हे तिला माहीत होतं, सासऱ्यांना माहीत होतं आणि सर्व्हेअरला तर सगळंच माहीत असायचं. त्यांच्या घरमालकानं महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलं होतं, खोल्या ठेवता की सोडता. बायको रोज नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची. नवरा 'बघू' म्हणायचा.

सासऱ्यांची कॉट दिवाणखान्यात होती. टाकीपासून हाताच्या अंतरावर.

आल्या दिवशीच सर्व्हेअरनं त्यांना टाकीचा नियम सांगितला होता. "बाबा, बघा हवं तेवढं. पण पाण्यात हात घालायचा नाही. हाताला साबण असतो, तेल असतं, मलम असतं. एवढंही चालत नाही त्यांना."

"बरं, जावईबापू," सासरे म्हणाले होते. ते जन्मभर शिंपीकाम केलेले गृहस्थ. बोलणं बेताचं, कपडे स्वच्छ, आणि जावयाशी वागताना अजून लग्नाच्या मांडवात असल्यासारखा अदबीचा सूर.

नवीन तसं आणखीही कुणी आलं होतं. सासऱ्यांच्या थोडं आधी सर्व्हेअरनं टाकीत एक कोळंबी आणून सोडली होती. लाल पाठ, मधून पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा. ही कोळंबी माशांच्या अंगावरचे किडे वेचून खाते. मासे तिच्यासमोर येऊन तोंड उघडून उभे राहत, आणि ही आत पाय घालून दात साफ करून देई. सर्व्हेअरनं तिचं नाव 'नर्सबाई' ठेवलं होतं. "अख्ख्या घरात एकटी प्रामाणिक कामकरी," तो म्हणायचा. बायकोनं त्या वाक्याचा हिशोब कुठेतरी आत टाकून ठेवला होता.

तर नवीन कोण, या प्रश्नाच्या उत्तरात त्याला नर्सबाई आठवल्याच नाहीत.

आता तो सासऱ्यांकडे बघू लागला, आणि बघणाऱ्याला दिसतंच. सासऱ्यांच्या उजव्या बाहीवर, कोपराच्या जरा खाली, एक पांढरी रेघ होती. कडक. वाळलेल्या मिठाची. बर्फाच्या कप्प्यातली सोललेल्या कोळंब्यांची पिशवी हलकी होत होती आणि घरात कोळंबीचं काही शिजलं नव्हतं. साखरेच्या डब्यातला छोटा चमचा नाहीसा झाला होता.

"चमचा कुठे गेला?" त्यानं बायकोला विचारलं.

"पळाला असेल. कंटाळला असेल चौकशीला."

मधल्या काळात धाकट्या साहेबांना जरा बरं वाटू लागलं. कडा थोड्या झाकल्या, किनारीला हिरवा रंग चढला. जेवताना सर्व्हेअर खुशीत म्हणाला, "मीठ बदललं ते बरं केलं. त्या दुकानदारानं मला जुना माल दिला होता, मी तेव्हाच ओळखलं."

सासरे ताटात बघून हसले. "फरक पडलाय खरा," ते म्हणाले.

ते का हसले, हे सर्व्हेअरला कळेना. आणि जे कळत नाही ते तो सोडत नसे. प्रवाळ आजारी पडलं तेव्हा हे घरात होते. आता कुठे ते सावरतंय आणि यांच्या बाहीला मीठ. रोज संध्याकाळी बायको भाजी आणायला जाते तेव्हा घरात हे एकटे असतात. टाकीचे दिवेही त्याच वेळी मंद होतात. पुढे काय करायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. जळालेल्या दुकानाच्या मालकाला 'उद्या येतो' सांगून तो नेहमी आजच जायचा.

सोमवारी तो ऑफिसातून लवकर निघाला. कुलपात किल्ली आवाज न करता फिरवली.

सासरे स्टुलावर उभे होते. गुडघे काचेला टेकवून, बाही वर सारून, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. हातात प्लास्टिकच्या बाटलीचा कापलेला वरचा अर्धा भाग होता आणि तो त्यांनी धाकट्या साहेबांवर पालथा दाबून धरला होता. एखाद्याच्या तोंडावर उशी दाबावी तसा.

"काय चाललंय?"

सासरे दचकले नाहीत. मानही वळवली नाही. "हळू बोला. आत्ताच तोंड उघडलंय त्यानं."

"बाबा, हात बाहेर काढा."

"काढतो. पण झाकण उचललं की ती येईल."

"कोण?"

"तुमच्या नर्सबाई."

सर्व्हेअरनं बॅग खाली ठेवली. त्याचा आवाज बदलला. घरातला आवाज गेला आणि राखेत उभं राहून बोलायचा आवाज आला. सौम्य, सावकाश, समोरच्याला स्वतःच अडकण्याइतका दोर देणारा.

"कधीपासून करताय हे?"

"आल्यावर थोड्या दिवसांनी सुरू केलं."

"कोणाला विचारून?"

"विचारलं नाही."

"आणि नियम सांगितला होता, तो लक्षात होता?"

"होता. म्हणून हात नुसत्या पाण्यानं धुतो आधी. मलम लावायचं सोडलंय." सासऱ्यांनी पाण्यातला हात तसाच ठेवून सांगितलं. "तुम्ही सकाळी त्याच्यावर खाणं ठेवता ना, ती गोळी? तुम्ही गेलात की ती येते, याच्या अंगावर चढते आणि तोंडात पाय घालून घास उपसून काढते. रोज. आतून सोलवटलं होतं बिचारं. म्हणून मग कोळंबीचा बारीक तुकडा देतो आणि गिळून होईपर्यंत वर झाकण धरतो. फार वेळ लागतो त्याला. तुमच्या सासूबाईंना शेवटी मीच भरवत होतो. घास तोंडात गेला म्हणजे पोटात गेला असं नसतं, जावईबापू. थांबावं लागतं."

ते इतकं बोललेले सर्व्हेअरनं कधी ऐकलं नव्हतं. आणि घोटाळा तिथेच झाला. आयुष्यभराचा अनुभव त्याला सांगत होता की खरा माणूस अडखळतो. ज्याची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट जुळते, त्यानं ती आधी जुळवलेली असते. शिवाय मेलेली बायको मधे आणली. मालक लोक नेमकं हेच करत.

"खुलासा व्यवस्थित आहे," तो म्हणाला.

सासऱ्यांनी आता मान वळवली. मग म्हणाले, "हे तुमचं कामावरचं वाक्य ना? मुलगी सांगत असते."

"तसं नाही—"

"सगळ्या घरावर संशय घेतलात. मावशी, दुकानदार, माझी पोर. त्या कोळंबीवर एकदाही नाही?"

"ती साफसफाई करते, बाबा. तिचं काम ठरलेलं आहे."

"हं," सासरे म्हणाले. पण हात काढला नाही. धाकट्या साहेबांनी तोंड मिटेपर्यंत ते तसेच उभे राहिले, आणि सर्व्हेअर तसाच समोर उभा राहिला. मग ते एक-एक पाय टेकवत स्टुलावरून उतरले. त्यांना आधार द्यायला हवा होता हे सर्व्हेअरला ते उतरल्यावर सुचलं.

जेवायला बसल्यावर सासऱ्यांनी आमटीचं कौतुक केलं, अर्धी पोळी जास्त घेतली, आणि पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "उद्या निघतो मी. घरमालकाला सांगून टाकतो, राहतोय म्हणून. त्या खोल्यांची सवय झालीय, इथे झोप लागत नाही मला."

बायकोनं वडिलांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. वाढायची पळी तिच्या हातात तशीच राहिली.

ते गेले त्या दुपारी ती म्हणाली, "काय बोललात तुम्ही त्यांना?"

"काही नाही. फक्त विचारलं."

"तुमचं विचारणं मला माहीत आहे. बघायला आला होतात तेव्हा मला विचारलं होतं, चष्मा आत्ता लागलाय की आधीपासून आहे. माझ्या आईनं तेव्हाच म्हटलं होतं, हा मुलगा आहे की पंचनामा."

"अगं, ते रोज पाण्यात हात घालत होते!"

"मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं?"

"चमचा मीच दिला. आणि बाटली मी कापून दिली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत? मिठाला श्रेय देऊन रोज तीनदा जेवणात सांगत होतात, तेव्हा बाबा म्हणाले, असू दे, त्यांना बरं वाटतंय ना. आई गेल्यावर पहिल्यांदा त्यांना संध्याकाळचं काही काम होतं. तेवढंच होतं."

सर्व्हेअर टाकीसमोर जाऊन बसला. त्याला अजूनही खात्री नव्हती. बायकोही सामील आहे एवढंच यातून सिद्ध होत होतं.

पण आठवडाभरात धाकटे साहेब पुन्हा बसले. सांगाड्याच्या कडा पुन्हा वर आल्या. मीठ तेच, पाणी तेच, दिवे तेच. रविवारी बायको बहिणीकडे गेलेली असताना त्यानं पंप बंद केला, प्रवाळाच्या मधोमध कोळंबीचा तुकडा चिमट्यानं ठेवला आणि खुर्ची मागे ओढून बसला. आज तो निघून जाणार नव्हता.

बराच वेळ काही झालं नाही. मग प्रवाळाच्या कडेनं बारीक पारदर्शक बोटं बाहेर आली. मधली चीर हळूच उघडली. तुकडा आत सरकू लागला, इतका सावकाश की सरकतोय की नाही हे डोळे मिटून उघडल्यावरच कळावं. सर्व्हेअर खुर्चीत पुढे सरकला. तेवढ्यात दगडामागून नर्सबाई आल्या. घाई नाही, चोरटेपणा नाही, रोजच्या पाळीवर यावं तशा. प्रवाळावर चढल्या, पाय रोवले, तोंडात नांगी घातली आणि ओढू लागल्या. लाल कातडी ताणली गेली. तुकडा बाहेर आला. तो घेऊन त्या दगडाखाली गेल्या, मग परत येऊन उरलंसुरलं आहे का तेही चाचपून पाहिलं.

रोज सकाळी तो गोळी ठेवून जात होता आणि संध्याकाळी गोळी नसली की खुश होत होता. गोदामातला माल दिसत नाही म्हणजे तो जळालाच, असं कुणी सांगितलं असतं तर हाच माणूस पोट धरून हसला असता.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई पिशवीतून दुकानात परत गेल्या.

"करतात त्या असं," दुकानदार म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही मिठाचं विचारत होतात."

आता सर्व्हेअर स्वतः भरवू लागला. सुरुवातीला जमेना. घास मोठा होई, किंवा गिळलं का बघायला तो चिमट्यानं ढोसून पाही आणि प्रवाळ सगळं ओकून मिटून घेई. त्याला थांबता येत नसे. मग हळूहळू येऊ लागलं. ऑफिसातून लवकर निघायचं, दिवे मंद व्हायची वाट बघायची, तुकडा नखाएवढा करायचा, आणि ठेवून झाल्यावर काहीही न तपासता बसायचं. प्रवाळ भरलं. कडा झाकल्या. एके संध्याकाळी ते इतकं फुगलं की बायको ओट्यावरून हात पुसत येऊन उभी राहिली आणि बघून परत गेली.

त्या रविवारी तो सासऱ्यांच्या खोलीवर गेला. तिसऱ्या जिन्यावर त्यालाच धाप लागली. सासरे खिडकीशी बसून कुणाच्या तरी पँटचा काठ उसवत होते. त्यांनी उठून खुर्ची पुसली, चहा टाकला, मुलीची चौकशी केली. सर्व्हेअर कप हातात धरून वाक्य शोधत राहिला. माफी मागायची त्याला सवय नव्हती. त्याच्या धंद्यात ती समोरचे मागत.

"कोळंबीच होती, बाबा," शेवटी तो म्हणाला. "मी स्वतः बघितलं."

"स्वतः बघितलं ना? मग झालं."

"तिला परत देऊन टाकली."

"अरेरे." सासऱ्यांना खरंच वाईट वाटलं. "ती पोटासाठी करत होती हो. आणि ते? खातंय?"

"खातंय. चांगलं फुगलंय. तुम्ही या. म्हणजे... राहायलाच या. घरमालकाशी मी बोलतो."

"त्याला शब्द दिलाय मी." सासऱ्यांनी उसवलेला दोरा बोटाभोवती गुंडाळला. "बघायला येईन की. येईन, जावईबापू."

आणि ते आलेही, पुढच्या रविवारी. धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी. टाकीजवळची खुर्ची बायकोनं पुढे केली तर म्हणाले, इथे वारा छान येतो, आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. तिथूनच त्यांनी प्रवाळ पाहिलं. मान हलवली. "छान झालंय," म्हणाले.

दिवे मंद झाले तेव्हा सर्व्हेअरनं चिमटा आणि वाटी त्यांच्यापुढे धरली. "आज तुम्ही भरवा."

"नको. तुमच्या हाताची सवय झालीय त्याला. मी बघतो इथून."

सर्व्हेअरनं भरवलं. सासरे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, तळवे वर करून, कुणालाही दिसतील असे.

निघताना बायको डब्यात काहीतरी भरून द्यायला आत गेली. दिवाणखान्यात दोघेच होते. सासऱ्यांनी चपला घातल्या, पिशवी उचलली, आणि दारात थांबून, न सांगता, न हसता, अगदी सहजपणे, पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून जावयासमोर धरलं.

"बाबा, हे काय—"

पण नजर तोवर आत गेलेली होती. एक घडी केलेला रुमाल, चष्म्याचं घर, बिस्किटांचा अर्धा पुडा. ती नजर आत जाऊन, तळ बघून, बाहेर येईपर्यंत सासऱ्यांनी वाट पाहिली. मग पिशवी मिटली, काखेत घेतली, आणि मुलीच्या डब्यासाठी हात पुढे करून उभे राहिले.